छावणीची तावदाने

‘छावणी’ हा शब्द मुळात छपराचा आहे. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळा लागला की मराठ्यांची फौज कूच थांबवून एखाद्या गावाजवळ निवारे शाकारून राही आणि त्या मुक्कामास छावणी म्हणत. दसरा आला की ती मोडे. इंग्रज अमदानीत मात्र हा चातुर्मासी शब्द कायमच्या वस्तीस चिकटला. औरंगाबादेच्या, म्हणजे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळालेल्या शहराच्या, पश्चिमेस खाम नदीपलीकडे जी छावणी आहे ती ह्या दुसऱ्या जातीची. निजामाच्या खर्चाने व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेचे हे ठाणे होते. १८५३ च्या तहानंतर ती फौज हैदराबाद कंटिंजंट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली व १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाली. १८५७ च्या जून महिन्यात ह्याच ठाण्यातील पहिला रिसाला बंडास उठला, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. येथे सांगावयाची हकीकत त्या बंडाची नव्हे. ती बंगल्यांच्या तावदानांची आणि हिवाळ्यात ती पुसणाऱ्या हातांची आहे.

तावदान हा शब्दही परकाच, पण आता घरचा झालेला. फारशीत ‘ताब’ म्हणजे तेज. तेज आत घेणारे ते ताबदान. गमतीची गोष्ट ही की, दख्खनच्या खिडक्यांत त्या काळी काच क्वचितच असे. बीबीच्या मकबऱ्यात उजेड येतो तो दगडी जाळ्यांतून. शहरातल्या हवेल्या व वाडे लाकडी झडपांवर भागवीत. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत शिंपल्यांच्या पातळ चकत्या चौकटीत बसवीत. त्यांतून उजेड आत येई, पण बाहेरचे काही दिसत नसे. जाळी पुसावी लागत नाही, झडप झटकली की पुरे आणि शिंपल्यावरचा मळ लपून जातो. काचेचे तसे नाही. काच दिसू लागली की ती मळली असे समजावे. आणि ती दिसू नये म्हणून कोणाला तरी वारंवार राबावे लागते.

इंग्लंडातही काच पूर्वी चैनीची वस्तू होती. तेथे १६९६ पासून खिडक्यांच्या संख्येवर घरपट्टी बसे, आणि ती चुकविण्यासाठी लोक चांगल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकीत. काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठला, खिडक्यांवरचा १८५१ साली; आणि त्याच साली लंडनच्या प्रदर्शनासाठी जे स्फटिकगृह उभे राहिले त्यास सुमारे तीन लाख तावदाने लागली. काच अशी स्वस्त झाल्यावर हिंदुस्थानातील बंगल्यांतही तिचा सुकाळ होऊ लागला. तरी छावणीपर्यंत ती सुखरूप पोहोचणे सोपे नव्हते. मनमाडाहून औरंगाबादेवरून जाणारा लोहमार्ग १९०० साली झाला. तोपर्यंत नांदगाव स्टेशनावर उतरलेला माल तेथून पुढे सडकेने यावयाचा. आपल्याकडे पैसा फंडाचा तळेगावचा काचकारखाना १९०८ साली व ओगलेवाडीचा १९१६ साली निघाला. परंतु त्यांचे नाव झाले ते चिमण्या, कंदील अशा मालावर. खिडकीचे सपाट तावदान पुष्कळ काळ परदेशीच राहिले. फुटलेले तावदान म्हणजे साहेबास भुर्दंड आणि नोकरास पगार कापला जाण्याची धास्ती, असा प्रकार होता.

बंगल्यात ह्या काचांची खरी किंमत हिवाळ्यात कळे. उन्हाळ्यात दारे-खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लागत, पावसाळ्यात झडपा ओढलेल्या असत. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत मात्र ऊन आत यावे आणि वारा बाहेर राहावा ही सोय काचेवाचून होत नाही. त्यातच थंडीचा हंगाम म्हणजे तपासण्यांचा, पाहुण्यांचा व नाताळाचा हंगाम. पावसाने उडविलेला चिखल, भिंतींस दिलेल्या चुन्याचे शिंतोडे, सडकेची धूळ हे सर्व ह्याच सुमारास धुऊन निघावे लागे. म्हणजे वर्षातील ज्या दिवसांत पाण्यात हात घालणे सर्वांत कठीण, नेमक्या त्याच दिवसांत हे काम सर्वांत अधिक.

ते करी कोण? बंगल्यातील चाकरांची वाटणी मोठी काटेकोर असे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा इंग्रज ग्रंथकार जन्माने साताऱ्याचा. त्याने १८८९ साली बंगल्यामागच्या ह्या जगावर एक विनोदी पुस्तक लिहिले. त्यात हमाल, मशालजी, भिश्ती, माळी, धोबी ह्या प्रत्येकास स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई इलाख्याच्या रिवाजाप्रमाणे घरातील झाडपूस हमालाकडे, दिवे मशालजीकडे व पाणी भिश्त्याकडे. तावदान पुसणाऱ्यास मात्र त्या यादीत जागा नाही, कारण ते निराळे काम असे कोणी मानलेच नाही. भिश्त्याने विहिरीवरून मशक भरून आणावी, हमालाने तिच्यातील पाण्याने काच धुवावी, खडूची भुकटी किंवा जुन्या वर्तमानपत्राचा बोळा घासून ती चकचकीत करावी, आणि साहेब सकाळची कवाईत आटोपून येण्यापूर्वी सर्व आवरून ठेवावे. एटकेनचा विनोद खुसखुशीत आहे, नोकरांच्या लकबी त्याने बारकाईने टिपल्या आहेत. पण तो विनोद व्हरांड्यात बसून केलेला आहे, हेही विसरता येत नाही.

आता कोणी म्हणेल, औरंगाबादेस अशी थंडी ती किती? समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंचीचे हे पठार. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंश सेंटिग्रेडच्या आसपास येतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली तर त्याहूनही बराच उतरतो. पाणी गोठण्यास हे पुरेसे नाही, हे खरे. परंतु ओल्या हाताची थंडी पाऱ्यावरून मोजता येत नाही. वेधशाळेत दोन उष्णतामापके शेजारी ठेवतात; एकाच्या गोळ्यास ओले फडके गुंडाळलेले असते. हवा जितकी कोरडी, तितके ते ओले मापक खाली जाते, कारण पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. दख्खनचा हिवाळी वारा कोरडा. हवा १० अंशांवर असताना ओले फडके ४-५ अंशांपर्यंत सहज उतरते. शिवाय निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते आणि पहाटे ती भोवतालच्या हवेहूनही गार झालेली असते. म्हणून तर तिच्यावर दव दिसते.

ह्याच दोन गुणांवर हिंदुस्थानात एकेकाळी बर्फ तयार होत असे. सर रॉबर्ट बार्कर ह्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची रीत मांडली. अलाहाबादेस उथळ खड्ड्यांत उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा थर पसरून त्यावर पाणी भरलेली कच्ची मातीची ताटे रात्री मांडून ठेवीत, आणि हवा गोठणबिंदूपर्यंत उतरली नसतानाही त्यांत बर्फाची पापडी धरे. सूर्य उगवण्यापूर्वी ती गोळा करावी लागे. ती गोळा करणारी बोटे कशी झाली असतील, हे हिवाळ्यात पहाटे काच पुसणारा न सांगता ओळखील.

आणि येथे एक विलक्षण योग दिसतो. वाळ्याच्या ताटीवर उन्हाळ्यात भिश्ती पाणी मारी, ते उडून जाताना खोली गार करी, आणि त्या गारव्याची साहेबलोक तोंड भरून स्तुती करीत. सहा महिन्यांनी तेच पाणी, तीच वाफ, तोच कोरडा वारा. फरक एवढाच की आता गार होत होता तो चाकराचा हात. हात फुटत, भेगा पडत, त्यांत चुन्याचे कण जाऊन झोंबत. त्यांवर तिळाचे तेल किंवा मेण लावावे, एवढाच उपचार. कढत पाणी मागावे तर ते स्नानघरासाठी. त्यास कारणही तयार असे: थंड काचेवर एकदम उकळते पाणी पडले तर ती तडकते. कारण खोटे नव्हते, पण त्याचा उपयोग सोयीचा होता. उकळते आणि बर्फासारखे ह्यांच्या मध्ये कोमट नावाचे पाणी असते, त्याने काच तडकत नाही.

जेथे थंडी खरोखरच गोठविणारी, त्या इंग्लंडात हे काम स्वतंत्र धंदा बनले. शिडी, बादली व मऊ कमावलेले कातडे घेऊन माणसे गल्लोगल्ली फिरत. कडक हिवाळ्यात काचेवर फिरविलेले पाणी पुसण्याआधीच तिच्यावर बर्फ होऊन बसे. म्हणून पाण्यात स्पिरिट मिसळण्याची युक्ती निघाली. तेथे ह्याविषयी कायदाही झाला. १८४७ च्या शहर पोलिस कायद्यात, तळघराची खिडकी सोडून इतर खिडकीच्या उंबऱ्यावर नोकरास बाहेरून काच पुसण्यासाठी उभे करणाऱ्या मालकास दंड सांगितला आहे. वाचून समाधान वाटते. पण ते कलम आहे रस्त्यावरील उपद्रवांच्या यादीत, आणि त्यात विचार आहे तो खालून जाणाऱ्या पादचाऱ्यांचा व रहिवाशांचा. नोकर पडला तर कोणाच्या तरी डोक्यावर पडेल, ही चिंता! तरीही त्या कलमाने काही जीव वाचले असतील. छावणीचे बंगले बहुधा एकमजली, तेथे पडण्याचे भय थोडे. म्हणून तेथे तेवढाही कायदा लागला नाही. पुढे १९३६ साली अमेरिकेत एत्तोरे स्तेकोने ह्या कारागिराने पितळी मुठीस रबराची एकच पट्टी बसवून हलके हत्यार तयार केले. एका ओढीत पाणी उतरू लागले, आणि हात ओला राहण्याचा वेळ घटला. थंडीतल्या कामगारावर ह्याहून मोठा उपकार क्वचितच कोणी केला असेल.

छावणीच्या त्या पहिल्या रिसाल्यास पुढे खरा बर्फही भेटला. १९०३ नंतर विसावा डेक्कन हॉर्स हे नाव धारण केलेला हा रिसाला १९१४ च्या शरदात फ्रान्सात उतरला व १९१८ च्या आरंभापर्यंत तेथे राहिला. त्यातील १९१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीची थंडी इतकी कडक होती की जमीन दगडासारखी झाली. हिंदी पलटणींबरोबर भिश्ती व झाडूवालेही गेले होते. लष्करी कागदांत त्यांस शिपाई न म्हणता ‘अनुचर’ म्हणत. १४ जुलै १९१६ रोजी हाय वुडजवळ डेक्कन हॉर्सने भाले सरसावून चाल केली, तिची वर्णने सुटी-सुटी पुष्कळ वाचावयास मिळतात. गोठलेल्या पाण्याशी चाललेली भिश्त्यांची रोजची झटापट चढाईत मोडत नाही, म्हणून तिचे वर्णनही नाही.

पुढे नळ आले, भिश्त्याची मशक गेली, बंगल्यांची मालकी पालटली. काच मात्र बंगल्यांतून वाड्यांत, वाड्यांतून चाळींत व तेथून प्रत्येक सुशिक्षित घरात आली, आणि तिच्याबरोबर ती पुसण्याचे कामही आले. ते आता घरगड्याकडे किंवा मोलकरणीकडे असते, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत ते सकाळीच उरकण्याची आपली घाई साहेबाच्या घाईहून कमी नसते. कढत पाण्याचा एक तांब्या दोन तांबे गार पाण्यात ओतला की बादलीतले पाणी कोमट होते. तेवढ्याने तावदानास काही होत नाही.