हांगारची कबर

जबलपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला येथील हवापाणी मानवते, नर्मदा तर त्याला मायेने जवळ करते. आजारी पडते ते त्याचे आडनाव. काळ्यांचे 'काले' होतात, मुळ्यांचे 'मूले' होतात, आणि कचेरीच्या पटावर एकदा चढलेले रूप निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत पाठ सोडीत नाही. आम्ही ते हसण्यावारी नेतो. परंतु एका मराठी तरुणाच्या बाबतीत नावाच्या अशाच विपर्यासाने त्याची कबर अडीच वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवली होती. त्या तरुणाची हकीकत आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानावर गेली असेल.

श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा. आडनाव गोव्याच्या फोंडे महालातील वेलिंग गावाचे. शिक्षण केंब्रिजला झाले आणि पहिले महायुद्ध पेटले तेव्हा तो विलायतेतच होता. बरोबरीचे इंग्रज विद्यार्थी एकामागून एक गणवेष चढवून आघाडीवर जात होते. त्यालाही जावेसे वाटले आणि जायचे तर विमानातून, असे त्याच्या मनाने घेतले.

येथे त्या काळची लष्करी रीत सांगितली पाहिजे. हिंदी सैन्यात हिंदी माणसाला चढण्यासारखी शेवटची पायरी सुभेदार-मेजरची. तीस वर्षे पलटणीत घालविलेल्या, छाती पदकांनी भरलेल्या सुभेदार-मेजरने कालपरवा बोटीतून उतरलेल्या इंग्रज लेफ्टनंटाला सलाम ठोकायचा, अशी ती व्यवस्था होती. राजाचे कमिशन, म्हणजे गोऱ्या शिपायावरही हुकूम चालविण्याचा अधिकार, हिंदी माणसाला बंद होते. आमच्या याच गावात १९०४ साली गन कॅरिज फॅक्टरी उभी राहिली. तोफगाडे बनवायला हिंदी हात चालत होते. तोफखान्याचा अधिकारी मात्र हिंदी चालत नव्हता.

रॉयल फ्लाइंग कोअर हे विमानदल १९१२ साली स्थापन झालेले, म्हणजे अगदी नवे. पण जुन्या सैन्याची सोवळेओवळे त्याने वारशाने घेतली होती. वेलिणकरने अर्ज केला तेव्हा त्याला सुचविण्यात आले की, वैमानिक होण्याचा हट्ट सोडावा आणि विमानाचा मेकॅनिक म्हणून भरती व्हावे. केंब्रिजच्या पदवीधराला दिलेला हा सल्ला. मेकॅनिकचे काम हलके, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याच्या हातावर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो. पण सल्ला देणाऱ्याच्या मनात ही थोरवी नव्हती, हे उघड आहे.

याच काळात अमेरिकेत काय चालले होते, ते ताडून पाहण्यासारखे आहे. तेथील सैन्याने १९०७ साली आपल्या संदेशवहन खात्यात विमानविद्येची एक शाखा काढली. तिच्या आरंभीच्या वैमानिकांत बेंजामिन फुलोई हे नाव ठळक आहे. हा एका नळकाम करणाऱ्याचा मुलगा. १८९८ च्या स्पॅनिश युद्धात वय कमी भरत होते, म्हणून थोरल्या भावाचा जन्मदाखला दाखवून, त्याच्याच नावावर तो साधा शिपाई झाला. पुढे स्वतःच्या नावाने पुन्हा भरती होऊन १९०१ साली अधिकारी झाला. १९१० मध्ये सैन्याचे एकुलते एक विमान त्याच्या स्वाधीन करून त्याला टेक्सासला पाठविले. विमान चालविण्याचे शिक्षण पुरते झालेले नव्हते. अडले की तो राइट बंधूंना पत्र टाकी आणि उत्तर आले की त्याप्रमाणे उडे! दुरुस्तीसाठी सरकारने दिलेले दीडशे डॉलर पुरेनात, तेव्हा पदरचे पैसे घातले. आसनावरून फेकला जाऊ नये म्हणून कातडी पट्टा बसवून घेतला. हाच माणूस १९३१ साली अमेरिकन विमानदलाचा प्रमुख झाला. त्याच्या कारकिर्दीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली, ती येथे नको. खोट्या नावाने शिरलेला शिपाई तेथे मेजर जनरलपर्यंत चढू शकला, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. अर्थात तो गोरा होता. काळ्या अमेरिकनाला त्याही देशात हे दार बंदच होते.

वेलिणकरने मेकॅनिकचा सल्ला मानला नाही. सोमच्या लढाईपासून ब्रिटिश वैमानिक इतक्या वेगाने मरत होते की, माणसे आणावीत कोठून, हा प्रश्न दलापुढे उभा होता. १९१७ च्या पूर्वार्धात काही हिंदी तरुणांना तात्पुरती कमिशने मिळाली, त्यांत वेलिणकर होता. हिंदी माणसाला कमिशन देण्याचे धोरण सरकारने पार्लमेंटात जाहीर केले ते त्यानंतर, १९१७ च्या ऑगस्टात, आणि तेही अवघ्या नऊ जणांपुरते. तेव्हा दार उघडल्याचे श्रेय द्यायचेच तर ते टंचाईला द्यावे, असे आमचे मत आहे.

हे चौघे होते. हरदित सिंग मलिक हा ऑक्सफर्डचा शीख तरुण. विमानदल घेईना म्हणून आधी फ्रेंचांची रुग्णवाहिका हाकीत होता. पायात गोळ्या घेऊनही तो वाचला आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्ये भारताचा राजदूत झाला. एरॉल सेन सप्टेंबर १९१७ मध्ये शत्रूच्या हाती सापडला. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये पंधरवड्याच्या आत दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो पडला. वय पुरते वीसही नव्हते. चौथा आमचा वेलिणकर. तिघांविषयी थोडेफार तरी लिहिले गेले आहे; याच्याविषयी जवळजवळ नाहीच.

त्याची नेमणूक २३ व्या स्क्वाड्रनमध्ये झाली. या तुकडीला १९१८ च्या वसंतात सॉपविथ डॉल्फिन विमाने मिळाली होती. यंत्र चमत्कारिक होते. वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकविलेला, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर निघालेले. त्यामुळे वरचे आकाश स्वच्छ दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात त्या डोक्यावरच. हवाई छत्री ब्रिटिश वैमानिकांना दिलेलीच नव्हती.

२७ जून १९१८ रोजी आमियां शहराच्या पूर्वेकडील आघाडीवर वेलिणकर गस्तीस गेला आणि परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती पडला होता. ३० जूनला त्याने प्राण सोडले. शत्रूने त्याला अधिकाऱ्याच्या इतमामाने पुरले, एवढे निश्चित; कारण कबरीवर त्याला 'ओबरलॉयटनंट' ही पदवी लावलेली होती. स्वकीयांनी जे पद देताना आढेवेढे घेतले, ते शत्रूने न विचारता लिहिले. नाव मात्र लिहिले 'एस. सी. वुमकर'.

इकडे मुंबईस आईला मुलगा बेपत्ता असल्याचे कळले होते. लढाई थांबली, तहनामे झाले, तरी कबरीचा पत्ता नव्हता. कारण शोध वेलिणकरचा चालला होता आणि मातीखाली होता वुमकर. अखेर फेब्रुवारी १९२१ मध्ये हा वुमकर म्हणजेच वेलिणकर, असा उलगडा झाला. शेवटचे 'कर' तेवढे शाबूत राहिले होते. हिंदी विमानदलाचा कायदा व्हायला त्यानंतरही अकरा वर्षे लागली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी तो झाला आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. वागणुकीतील भेद मात्र मिटले नाहीत. फेब्रुवारी १९४६ च्या अखेरीस आमच्या या जबलपुरातील सिग्नल केंद्राचे सुमारे १७०० जवान बराकी सोडून रस्त्यावर आले, त्यांच्या मागण्यांत बरोबरीच्या वागणुकीचीही मागणी होती.

वेलिणकर आज फ्रान्समध्ये, हांगार गावाच्या दफनभूमीत आहे. युद्धकबरींच्या नोंदवहीत त्याचे नाव दुरुस्त करून लिहिलेले आहे ते असे : 'श्री कृष्ण चुंदा वेलिणकर'. 'श्री' निराळा, 'कृष्ण' निराळा. आणि 'चुंदा' हे नाव आम्ही आजवर कोणत्याही मराठी घरात ऐकलेले नाही.