पित्ताशयदाहाचे प्रतिमानिदान आणि ग्रामीण मराठवाडा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बहुतेक रुग्णांत पित्ताशयाच्या नलिकेत खडा अडकल्याने पित्ताशयदाह होतो. निदानास विलंब झाल्यास पित्ताशय सडण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. म्हणून या निदानाचा इतिहास हा साधनांचा तसाच अंतराचाही इतिहास आहे. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावाच्या संदर्भात तो तपासणे उद्बोधक ठरते.

क्ष-किरण ते ध्वनिलहरी :
१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. परंतु बहुसंख्य पित्तखडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. १९२४ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम व कोल यांनी शिरेतून रंजकद्रव्य देऊन पित्ताशय दृश्यमान केले. पुढे त्यासाठी तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या आल्या. मात्र नलिका बंद असल्यास रंजकद्रव्य पित्ताशयात पोहोचत नसे, त्यामुळे तीव्र दाहात ही पद्धत अपुरी पडे. १९७० च्या दशकात सोनोग्राफीने ही उणीव भरून काढली. खडे, तीन मिलिमीटरहून जाड झालेली भिंत, भोवतालचा द्रव आणि पित्ताशयावर यंत्राचा दाब देताच होणारी वेदना ही लक्षणे एकाच तपासणीत कळू लागली. किरणोत्सारी द्रव्याचा वापर करणारी हिडा चाचणी अधिक अचूक आहे. परंतु तिला गॅमा कॅमेरा लागतो.

मराठवाड्यातील वास्तव :
ग्रॅहम-कोल यांच्या काळात हा प्रदेश निजामी राजवटीत होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, तर नांदेडचे १९८८ मध्ये सुरू झाले. परभणीतून हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ मध्ये आले.

याच काळात सोनोग्राफी यंत्र कायद्याच्या कक्षेत आले. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. २०१२ च्या नियमदुरुस्तीने सहज हलविता येणाऱ्या यंत्राच्या वापरावर मर्यादा घातल्या. मुलींच्या जीवितरक्षणासाठी हे निर्बंध आवश्यकच होते; तथापि खेड्यापर्यंत नेता येण्याजोगे हेच साधन त्यामुळे नोंदणीकृत केंद्रे व फिरती वैद्यकीय पथके यांपुरते सीमित राहिले.

समारोप :
तंत्राने निदान सुलभ केले, तरी गावापासून केंद्रापर्यंतचे अंतर उरतेच. कायद्याचा हेतू अबाधित राखून ग्रामीण रुग्णालयांत नोंदणीकृत यंत्र व प्रशिक्षित तज्ज्ञ उपलब्ध करणे, हाच या इतिहासाचा बोध होय.