बी-ट्री इंडेक्स

बी-ट्री इंडेक्स : संपूर्ण तक्ता न चाळता डेटाबेसमधली हवी ती नोंद सापडावी, यासाठी डिस्कवर पानापानांनी साठवलेली क्रमवार, बहुशाखी सूची. रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्रेट यांनी ती 1970 मध्ये बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत मांडली. त्यांचा शोधनिबंध 1972 मध्ये ‘ॲक्टा इन्फर्मॅटिका’त प्रसिद्ध झाला.

तत्त्व : मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी 4.2 मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ वेगळा. एवढी वाट पाहिल्यावर एक आकडा वाचला काय किंवा अख्खे पान वाचले काय, वेळेत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे शोधाचा वेग मुख्यतः डिस्कवरून किती पाने आणावी लागतात यावर ठरतो.

रचना : पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीमध्ये इंडेक्सचे पान 8 किलोबाइटचे असते. त्यात 8 बाइटच्या किल्ल्या (ज्या मूल्यांवरून नोंद शोधतात ती मूल्ये) सुमारे 400 मावतात. मूळ पानाला 400 फांद्या, प्रत्येकीला पुन्हा 400 आणि शेवटच्या पानांवर प्रत्येकी 400 नोंदी, असे धरले तर तीन पातळ्यांत 6 कोटी 40 लाख नोंदी बसतात. दोनच फांद्यांच्या वृक्षाला एवढ्यासाठी 26 पातळ्या लागतील. वरची पाने सतत वापरात असल्याने बहुधा मेमरीतच राहतात. मग इंडेक्समधला शोध डिस्कच्या एका वाचनात उरकतो. बी-प्लस प्रकारात सगळ्या नोंदी शेवटच्या पानांवर असून ती पाने एकमेकांना जोडलेली असतात. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशा शोधांना त्याचा मोठा फायदा होतो.

साठवण व निगा : भरलेल्या पानात नवी नोंद आली की पान दुभंगते. किल्ल्या कशाही क्रमाने येत राहिल्या तर पाने सरासरी 69 टक्केच भरलेली राहतात आणि लागोपाठची पाने डिस्कवर विखुरतात. चढत्या क्रमाच्या किल्ल्यांनी हे बरेच टळते. क्रम लावलेल्या नोंदींवरून इंडेक्स नव्याने बांधला की पाने पुन्हा दाट होतात. मात्र पुढच्या भरतीसाठी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. पोस्टग्रेस्क्यूएल शेवटची पाने 90 टक्केच भरते. किल्ली आखूड ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय : पानावर नोंदी जास्त मावतात आणि पातळ्या कमी होतात.

मर्यादा : लिखाण प्रचंड असेल तिथे 1996 मध्ये मांडलेली एलएसएम-ट्री सरस ठरते, ती नोंदी मेमरीत साठवून डिस्कवर सलग लिहिते. एसएसडीमध्ये फिरती तबकडी नसली तरी वाचन पानांनीच होते, म्हणून बी-ट्रीची उपयुक्तता तिथेही टिकून आहे.