चक्र
चक्र : जयवंत दळवी (१९२५–९४) यांची १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी. मुंबईतील झोपडपट्टीचे जीवन हा तिचा विषय. अम्मा आणि तिचा वयात येणारा मुलगा बेन्वा ही तिची प्रमुख पात्रे. भूक, दाटीवाटी व पोलिसांची धास्ती यांत वाढणाऱ्या बेन्वाला गुन्हेगारीत मुरलेल्या लुक्काचे आकर्षण वाटते. एकाच खोपट्यात मोठ्यांचे सारे व्यवहार उघड्यावर घडत असल्याने त्याचे बाल्य अकाली संपते. या घसरणीचे मूळ दळवी मुलाच्या स्वभावात नव्हे, तर दारिद्र्यात दाखवतात. उपदेश व भाबडी कीव टाळणारे निवेदन हे कादंबरीचे मोठे सामर्थ्य होय. तिच्यावर आधारित, रवींद्र धर्मराज दिग्दर्शित हिंदी चित्रपटातील (१९८१) अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.