कुंची कोणी शिवली?



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागातील घरचे शिवणकाम’ या विषयावर मी चार शब्द लिहावेत, असा संपादक भगिनींचा आग्रह झाला. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु सुईदोरा सातव्या वर्षापासून हाती आहे, आणि ज्या हातांनी तो मला दिला त्यांच्याविषयी लिहिण्याची इच्छा पुष्कळ दिवस मनात होती. म्हणून हे धाडस करते.

भोर-वेल्हे म्हटले की लोकांना गडच आठवतात. तोरणा, राजगड, रोहिडा ही आपली वैभवे आहेतच. वेल्ह्याच्या तालुक्याला तर आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. पण या गडांवर पाळणेही हलले आहेत, हे आपण विसरतो. १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. त्याआधी १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजी महाराजांना दूध पाजणारी धाराऊ तर आपल्या कापूरहोळची, गाडे घराण्यातली. १६५९ साली सईबाई राजगडावर निवर्तल्या, तेव्हा बाळ जेमतेम दोन वर्षांचे होते. धाराऊचे नाव इतिहासाने राखले, ही मोठीच गोष्ट. मात्र त्या बाळांच्या अंगाखालची दुपटी कोणी शिवली, मावळातल्या पावसाळी वाऱ्यात त्यांच्या कानांवर कुंची कोणी बांधली, हे कोणत्याही बखरीत सापडणार नाही. तो इतिहास घरोघरच्या ट्रंकांत आणि गाठोड्यांत शोधावा लागतो.

पूर्वी शिवलेले कापड अंगावर असणे हीच अपूर्वाई होती. लुगडे, धोतर, उपरणे, मुंडासे यांना सुई लागतच नाही. अंगरखा, बाराबंदी, पैरण हे काम शिंप्याचे. संत नामदेवांच्या जातीचा हा धंदा गावोगाव वंशपरंपरेने चालत असे. स्त्रियांनी परपुरुषाला माप देण्याची रीत नव्हती, म्हणून चोळी शिवायची तर जुनी चोळी मापाला धाडीत. पुष्कळ घरांत खणाची चोळी घरीच बेतली जाई. खणाचा काठ बाहीवर नेमका यावा, आणि बेतून उरलेला तुकडा वाया जाऊ नये, यातच बेतणारीचे कसब. त्या उरलेल्या तुकड्यांतून पानसुपारीच्या चंच्या होत, बटवे होत. एका चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे निरनिराळे कप्पे करून ती गुंडाळीला बरोबर बसवणे वाटते तितके सोपे नाही. ज्या भगिनींना शंका असेल त्यांनी करून पाहावे!

घरच्या शिवणीत सर्वांत मोठे काम गोधडीचे. काही घरांत तिला वाकळ म्हणतात. आपल्याकडचा पाऊस चार महिने सोडत नाही. भाताच्या खाचरातून चिखल तुडवून आलेल्या माणसाला रात्री ऊब देणारी गोधडीच. तिचे काम चैत्र-वैशाखात, भाताची धूळवाफ पेरणी सुरू होण्यापूर्वी. अंगणात किंवा पडवीत जुने लुगडे दुहेरी अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये जुनी धोतरे, फाटकी पोलकी, कोपऱ्या उसवून सपाट पसरायच्या, वर चांगल्यातले लुगडे घालायचे आणि चारी बाजूंनी बायांनी बसून काठाकडून मधोमध धावदोरा घालीत यायचे. नऊ वारांचे लुगडे म्हणजे आजचे सव्वाआठ मीटर कापड. सासू, जावा, शेजारणी आपापल्या बाजूने टाके घालीत मध्यावर भेटत. जाणती बाई तयार गोधडीवर हात फिरवून कोणती बाजू कोणाची हे सांगू शके. नव्या सुनेचे टाके लांब, आजीचे बारीक आणि एकसारखे.

आता बाळाच्या कपड्यांकडे वळू. बाळंतविडा हा शब्द आजच्या मुलींना समजावून सांगावा लागतो. बाळ-बाळंतिणीसाठी माहेरहून आणि नात्यांतून येणारा तो आहेर. त्यात झबली, टोपडी, दुपटी, त्रिकोणी लंगोट, लहानशी गादी, डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरी भरलेली उशी, आणि पाळण्यावर टांगायचे कापडी चिमण्यांचे चिमणाळे असे. बाळ जन्मण्यापूर्वी नवे काही शिवू नये, पहिले वस्त्र जुन्यातलेच घालावे, अशी आमच्याकडे समजूत होती. ही समजूत भीतीतून आलेली असेल, परंतु तिच्यात शहाणपणही होते. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते. शंभर वेळा धुतलेले आजीचे सुती लुगडे लोण्यासारखे मऊ होते आणि ओल चटकन टिपते.

झबले शिवण्याचे काही नियम मी लहानपणी शिकले, ते अजून पाळते. शिवण उलट्या बाजूस न घेता सुलट बाजूस घ्यावी, म्हणजे ती बाळाच्या अंगाला टोचत नाही. गुंडी किंवा बटण लावू नये, बंद लावावेत. बटण तुटले तर ते तोंडात जाते. गळ्याला उरेब पट्टी लावावी, म्हणजे ती ताणली जाते. बगल सैल ठेवावी, कारण बाळ दर पंधरवड्याला वाढते. कुंचीसाठी लांबट तुकडा मध्ये दुमडून डोक्याच्या मागे शिवण घ्यायची, मानेशी चुण्या घालून बंद ओवायचा आणि खालची झूल पाठीवर मोकळी सोडायची. डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकण्याची ही युक्ती ज्या कोणा बाईला सुचली, तिला माझा नमस्कार.

सणसमारंभांची शिवण निराळी. पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळे झबले, त्यावर हलव्याचे दागिने. मुंजीला बटूची भिक्षेची झोळी. लग्नात रुखवतावर मांडायचे उशांचे अभ्रे, भरतकामाचे रुमाल, पडदे. बैलांच्या पाठीवरची झूलही घरच्याच सुईची. घरात आनंद होणार असे कळले की आधी सुई शोधली जाई.

पुढे यंत्र आले. अमेरिकेत एलायस हाऊ यांनी १८४६ साली व आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपापल्या शिवणयंत्रांची पेटंटे घेतली. ‘सिंगर’ची यंत्रे त्याच शतकात हिंदुस्थानात येऊ लागली, तर आपल्याकडचे ‘उषा’ यंत्र कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने स्वातंत्र्यापूर्वीच बाजारात आणले. प्रथम ते शिंप्याच्या दुकानात आले, घरात फार उशिरा. महायुद्धाच्या काळात १९४३ पासून कापडावर नियंत्रण बसले, तेव्हा तर घरच्या शिवणीवाचून गत्यंतरच राहिले नाही. वडिलांच्या विटलेल्या धोतराची मुलांची सदरे झाली, सदऱ्यांची झबली झाली, झबल्यांची लंगोट झाली. १९४८ साली भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या कायद्याने वाराच्या जागी मीटर आणण्याचे ठरले. संस्थान गेले, परंतु वार मात्र आमच्या तोंडून अजून जात नाही!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येते. शिवणकामाचा इतिहास हा पुष्कळ अंशी विधवांचा इतिहास आहे. १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला, पण कायद्याने पोट भरत नाही. १८६३ साली जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी गृह उघडले, तेव्हा जगाने नाकारलेल्या बाळांना पाळणा मिळाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रिया विणू-शिवू लागल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. रमाबाई रानडे १९०१ साली विधवा झाल्या, आणि १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले, तेव्हा तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणाचे वर्गही चालले. सुई ही घराबाहेर पडण्याची अशी वाट होती की तिला सहसा कोणी हरकत घेत नसे.

आमच्या घरी ही वाट माझ्या आत्याने धरली. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षाच्या आत कपाळ पांढरे होऊन माहेरी परत आलेली. आमच्या आळीतील बहुतेक सगळ्या बाळांच्या कुंच्या तिने शिवलेल्या. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाच्या वेळी मी आठ वर्षांची होते. तीन रात्री कंदिलाशी बसून तिने हिरव्या खणाची, जरीच्या काठाची कुंची केली. सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझ्याकडे होते, कारण तिला कंदिलाच्या उजेडात नेढे दिसत नसे.

बारशाच्या दिवशी सुवासिनी जमल्या. कुंचीचे कौतुक झाले, ती हातोहात फिरली. आत्या माजघराच्या दाराआड उभी होती. शुभकार्यात तिने पुढे यायचे नाही, हे कोणी तिला सांगण्याचीही गरज नव्हती. बाळाला कुंची घालणाऱ्या काकूंना तिचा बंद उलगडेना. तो गळ्याशी आवळला गेला आणि बाळ रडू लागले. दाराआडून आवाज आला, “अगं, उजवीकडची गाठ सरकती आहे, ती ओढा, सैल होईल.” काकूंनी गाठ ओढली, बाळ थांबले, पाळणा सुरू झाला. दाराकडे कोणी वळून पाहिले नाही. मी पाहिले. आत्या पदराने हात पुसत होती. हात ओले नव्हते.

रात्री पाहुणे गेल्यावर आईने कुंचीसकट बाळ उचलले आणि आत्याच्या मांडीवर ठेवले. “वन्सं, तुम्ही नीट बांधा,” एवढेच ती म्हणाली. माझ्या दृष्टीने भावाचे खरे बारसे ते.

यानंतर काही वर्षांनी सामुदायिक विकास योजनेतील ग्रामसेविका आमच्या भागात येऊ लागल्या. ही योजना देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली होती, आणि महिला मंडळे काढणे व शिवणवर्ग चालवणे हे तिच्या कामांपैकी एक. पहिल्या वर्गाला बसणाऱ्यांत आत्या होती. पायाचे यंत्र उलटे फिरून दोरा तुटे, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसे. वर्षाभरात ती परकर-पोलकी शिवून चार पैसे मिळवू लागली. घरात तिच्या बोलण्याला वजन आले. धाकट्या पुतण्यांची फी भरण्याचा प्रश्न निघाला की वडील तिच्याकडे पाहू लागले. मात्र बारशाला ती दाराआडच राहिली. पैशाने जे बदलले नाही, ते कोणीतरी ठरवून बदलावे लागते.

आज तयार कपडे स्वस्त झाले आहेत. बाळाचा सारा संच दुकानात एका पेटीत मिळतो. त्याला मी नावे ठेवीत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेने रात्र रात्र टाके घालावेत, असे मला मुळीच वाटत नाही. परंतु त्या पेटीतले पुष्कळसे कापड कृत्रिम धाग्याचे असते, त्याने घाम टिपत नाही. निदान अंगालगतचे पहिले झबले आणि दुपटे तरी जुन्या सुती साडीचे असावे, इतके आपण करू शकतो. दोन तासांचे काम आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. ठराव कागदावर होतात, पण दाराआडची बाई पुढे येते ती कोणीतरी हाक मारल्यावर. आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, संक्रांतीला सामुदायिक बोरन्हाण होते. त्या वेळी काही भगिनी आपण होऊन मागच्या रांगेत बसतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या शिवणवर्गात उत्तम हात त्यांतल्याच काहींचा आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. येत्या संक्रांतीला बाळांसाठी लागणारी काळी झबली आणि कुंच्या आपण वर्गातच शिवाव्यात. आणि जिने जी कुंची शिवली, तिनेच ती बाळाच्या डोक्यावर घालावी, मग तिच्या कपाळावर कुंकू असो वा नसो. बाळाच्या आईला काही वाटेल, अशी शंका एका भगिनीने बोलून दाखवली. माझा अनुभव असा की, आई सहसा अडवीत नाही; अडवतो तो मेळावा. आणि मेळावा म्हणजे आपणच.

कुंच्यांचे बेत पुढच्या महिन्यापासून वर्गात दाखवण्याचे मी कबूल केले आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी येताना घरातली एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी घेऊन यावे. सुईत दोरा ओवायला आठ-दहा वर्षांची नात बरोबर आणली तर उत्तमच.