चालत गेलेला शर्यतवीर

फ्रान्समधल्या ल माँ येथे मोटारींची २४ तासांची शर्यत होते. पूर्वी इशारा मिळताच चालक रस्त्यापलीकडे उभ्या मोटारीकडे धावत सुटत. घाईत कित्येकांचा सुरक्षा-पट्टा बांधायचा राहून जाई. १९६९ साली बेल्जियमचा २४ वर्षांचा जॅकी इक्स मात्र सावकाश चालत गेला. पट्टा नीट आवळला, मगच निघाला. अगदी सर्वांच्या मागून! पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा इंग्रज चालक अपघातात दगावला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. इक्स आणि जोडीदार ऑलिव्हर यांनी आळीपाळीने मोटार चालवून शर्यत जिंकली; अंतर किती, तर सुमारे १२० मीटर! पुढे इक्सने ती आणखी पाचदा जिंकली. पण मला त्याचे ते चालणेच मोठे वाटते. १९७० साली चालक पट्टे बांधून आधी मोटारीत बसले, अन् मग शर्यत सुटली.