'स्ट्राइक' शब्दाची जन्मकथा

'स्ट्राइक' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे आता कोणाला परका वाटत नाही. कॅरमच्या फळीवर स्ट्रायकर असतो, क्रिकेटच्या मैदानात फलंदाज स्ट्राइकवर असतो. इंग्रजीत घड्याळाचे ठोके पडतात आणि आगपेटीची काडी ओढली जाते, तीही याच क्रियापदाने. या साऱ्यांत आघात आहे. मग हात बांधून स्वस्थ बसण्याला हा शब्द कसा लागला? आपण म्हणाल, तो मालकावरचा घाव! पण इतिहास निराळेच सांगतो.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता हलकेच हात फिरवणे. गोंजारण्यासाठीचा 'स्ट्रोक' हा शब्द त्याच घराण्यातला. मारण्याचा अर्थ मागाहून आला. आणि खलाशांच्या बोलीत आणखी एक रुजला, शीड खाली घेणे.

१७६८ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड येथे खलाशी जमले. भर चौकात त्यांनी आपल्या तक्रारींचा कागद वाचून दाखवला. मग ते बंदरातल्या जहाजांवर चढले आणि शिडांच्या आडव्या काठ्या त्यांनी खाली उतरवल्या. आता शिडाविना जहाज हलणार कसे? त्याच वर्षी टोप्या करणाऱ्या कारागिरांनी मजुरी वाढेपर्यंत काम बंद ठेवले. त्यांच्यापाशी ना जहाज, ना शीड. तरी 'अ‍ॅन्युअल रजिस्टर' या वार्षिकाने त्यांच्यासाठीही तोच शब्द वापरला. खलाशांच्या या कृतीवरूनच शब्दाला नवा अर्थ आला असावा, असे कोशकार मानतात.

पुढे १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी इंग्लंडात कामगारांनी एकजूट करणे हाच गुन्हा ठरला. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. शब्द मात्र तगून राहिला.

आपल्या मराठीने यासाठी 'संप' हा शब्द घेतला. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकी! २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. गोळीबार झाला, माणसे मेली. त्यात मजुरीचा प्रश्न नव्हता.

तेव्हा संपाची बातमी वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे, की हा शब्द हाणामारीतून आलेला नाही. शीड उतरवणाऱ्या खलाशाची त्या दिवसाची मजुरीही बुडतच होती.